दुसरं इंजिन नेमकं काय करतं? ट्विनवरच्या सरावातल्या अपघाताबद्दल

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "शिवाजी उद्यमनगरात माझा लेथचा छोटा कारखाना आहे. मुलीचे सिंगल इंजिनवरचे तास होत आले, पुढच्या महिन्यात मल्टी-इंजिन सुरू होईल. परवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ आला. ट्रेनिंगचं दोन इंजिनांचं छोटं विमान टेक-ऑफनंतर दोन-तीनशे फुटांवर एका अंगाला कलंडलं, पाठीवर झालं आणि खाली आलं. एक इंजिन बंद पडलं होतं म्हणे. मग दुसरं कशाला होतं? एका इंजिनाचं विमान इंजिन गेल्यावर निदान तरंगत तरी येतं, असं पोरगी सांगते. दोन असताना उलटं कसं होतं? आणि तिला पाठवू का नको?"

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. पाठवा. पण पाठवण्याआधी शाळेला चार प्रश्न विचारा, ते पुढं येतीलच. त्या व्हिडिओतल्या विमानाचं काय झालं ते मी सांगणार नाही. वीस सेकंदांच्या चित्रावरून कारण सांगणारे आपल्या गावात चौकाचौकात आहेत, त्यात माझी भर नको. विमान तसं का उलटतं, एवढं मात्र सांगता येतं. ती गोष्ट जुनी आहे आणि ट्विन, म्हणजे दोन इंजिनांचं विमान, शिकवणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते.

तुम्ही लेथवाले असलात तरी बैलगाडी बघितलेली असणार. भरल्या गाडीची जोडी चाललीय आणि डावा बैल एकदम बसला. उजवा ओढतोच आहे. गाडी सरळ जात नाही, बसलेल्या बैलाच्या अंगाला वळते. उजवा जितका दमदार, तितकी गाडी जोरात फिरणार. ट्विनमध्ये दोन इंजिनं दोन पंखांवर, म्हणजे मधल्या रेषेपासून लांब बसवलेली असतात. डावं गेलं की उजव्याची सगळी ओढ नाकाला डावीकडं फिरवायला लागते. स्पॅनरचा दांडा जितका लांब तितका पीळ जास्त, हे तुम्हाला सांगायला नको.

हा पीळ रोखायला शेपटीवर रडर असतो आणि तो पायानं दाबायचा असतो. रडरला जोर मिळतो हवेतून, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग निम्मा झाला तर रडरचा जोर निम्मा राहत नाही, पाव राहतो. इंजिनाचं तसं नाही, वेग कमी झाला म्हणून त्याची ओढ कमी होत नाही. म्हणजे वेग उतरत गेला की एक टप्पा असा येतो की पाय पेडलच्या शेवटापर्यंत गेलाय आणि तरी नाक वळतंच आहे. त्या वेगाला व्हीएमसी म्हणतात. स्पीडच्या घड्याळावर तिथं लाल रेघ असते. वर एक निळी रेघ असते, एका इंजिनावर सर्वांत चांगला क्लाइंब मिळतो तो वेग. पायपर सेमिनोल हे शिकवायला खूप वापरलं जाणारं ट्विन आहे. त्याची लाल रेघ 56 नॉटवर (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर) आणि निळी 88 वर. ट्विनचं सगळं शिक्षण या दोन रेघांमधल्या 32 नॉटांत आहे.

आता लाल रेघ म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे. तो आकडा टेस्ट पायलटनं काढलेला असतो. इंजिन जाणार हे त्याला आधी ठाऊक असतं आणि चालू इंजिनाच्या अंगाला पाच अंशांपर्यंत विमान झुकवायची त्याला नियमानं मुभा असते. आपण घाबरून पंख नुसते सपाट ठेवले तरी व्हीएमसी काही नॉट वर सरकते. सामान मागं ठेवून वजनाचा मध्य मागं गेला तर आणखी वर, कारण रडरचा दांडा आखूड झाला. शिवाय दोन्ही प्रॉप (इंजिनांचे पंखे) एकाच दिशेनं, मागून बघता घड्याळाच्या काट्यांसारखे, फिरत असतील तर डावं इंजिन जाणं जास्त वाईट. नाक वर असताना प्रॉपचं खाली येणारं पातं जास्त ओढतं. ते पातं उजव्या बाजूला असल्यामुळं उजव्या इंजिनाची ओढ मधल्या रेषेपासून जास्त लांब पडते. सेमिनोलमध्ये दोन प्रॉप उलटसुलट फिरतात, तिथं हा भेद उरत नाही.

नाक वळलं म्हणून विमान पाठीवर का होतं, हा तुमचा खरा प्रश्न. नाक डावीकडं वळताना उजवा पंख पुढं धावतो, त्याला उचल जास्त मिळते. त्यातच उजव्या प्रॉपचा वारा त्याच पंखावरून वाहतोय, डाव्या पंखावर मात्र काहीच नाही. डावा पंख पडायला लागतो. इथं माणसाचा हात आपोआप स्टिअरिंग उजवीकडं फिरवतो. गाडी चालवलेल्या प्रत्येकाचा फिरतो. पण तसं केल्यावर डाव्या पंखाचा एलेरॉन (मागच्या कडेची हलती फळी) खाली जातो, त्या बाजूला हवेचा अडथळा वाढतो आणि नाक आणखी डावीकडं जातं. मदत करायला गेलो आणि भर घातली. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं. तीनशे फुटांवर तेवढेच सेकंद असतात.

गाडीवान अशा वेळी काय करतो आठवा. बसलेल्या बैलाला मारत बसत नाही. उभ्या बैलाचा कासरा ओढतो, आधी त्याला थांबवतो. विमानातही तेच: चालू इंजिनाचा थ्रॉटल मागं, नाक खाली. पीळ गेला, वेग आला, विमान पुन्हा ताब्यात. आणि हीच गोष्ट जिवावर येते. एक इंजिन गेलेलं, जमीन समोर, आणि हातातलं चालू इंजिन आपण होऊन बंद करायचं! वाचायला सोपं आहे. मी शेकडो वेळा शिकवलंय, तरी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याचा हात तिथं अडखळताना बघितलाय.

पोरगी सांगते ते बरोबर आहे. सिंगल इंजिनमध्ये इंजिन गेलं की वाद उरत नाही. नाक खाली, समोरचं शेत निवडा, उतरा. ट्विनमध्ये दुसरं इंजिन आशा दाखवतं, आणि ती आशा किती खरी आहे याचा हिशेब माणूस आधी करत नाही. दोन इंजिनांपैकी एक गेलं म्हणजे निम्मी ताकद गेली, हे खरं. पण विमान नुसतं तरंगत ठेवायलाच बरीच ताकद खर्च होते. वर चढायला उरते ती वरकड ताकद, आणि एक इंजिन गेल्यावर त्या वरकडीतली ऐंशी ते नव्वद टक्के जाते. धंद्यातलंच बघा. उलाढाल निम्मी झाली तर नफा निम्मा होत नाही. भाडं, वीज, पगार तेवढेच राहतात. सेमिनोल पूर्ण वजनावर, समुद्रसपाटीला, दोन्ही इंजिनांवर मिनिटाला 1300 फुटांच्या आसपास चढतं. एकावर 200 च्या आसपास. तेही नव्या विमानात, बंद प्रॉप फेदर करून (पाती वाऱ्याला समांतर वळवून), कसलीही चूक न करता. 88 नॉटनं पावणेतीन किलोमीटर कापल्यावर कुठं 60 मीटर वर.

आणि हे समुद्रसपाटीला. आता आपल्या कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीला या. 1939 साली राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेलं हे विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 फुटांवर आहे. या उंचीला प्रमाण तापमान 11 अंश धरतात. मे महिन्याच्या दुपारी 38 आहे समजा. 27 अंश जास्त. गरम हवा विरळ, म्हणजे उंचावर गेल्यासारखंच; म्हणून जास्तीच्या प्रत्येक अंशाला साधारण 120 फूट धरायचे, म्हणजे 3240. मूळच्या 2000 मध्ये मिळवा: 5240 फूट, जवळजवळ 1600 मीटर. कळसूबाईचं शिखर 1646 मीटर आहे. म्हणजे विमान उभं असतं कोल्हापुरात, पण त्याच्या इंजिनांना, प्रॉपना आणि पंखांना वाटतं आपण कळसूबाईच्या माथ्यावरून उडतोय. सेमिनोलसारखं ट्विन पूर्ण वजनावर एका इंजिनानिशी जेमतेम चढत राहू शकतं ती कमाल उंची चार हजार फुटांच्या आसपास. तेव्हा मेमधल्या त्या दुपारी इथून पूर्ण वजनानं उडताना एक इंजिन गेलं तर दुसरं तुम्हाला वर नेणार नाही. फक्त जरा सावकाश खाली आणेल. उडण्याआधी हे कबूल केलेलं असेल तर माणूस पंख सपाट ठेवून समोरच्या उसाच्या फडात विमान घालतो आणि बऱ्याचदा चालत बाहेर येतो. कबूल नसेल तर तो नाक वर ओढत राहतो, वेग 88 वरून 75, 65 असा उतरतो, आणि तुम्ही व्हिडिओत बघितलं तसं काहीतरी होतं.

हा काही विमान बनवणाऱ्या कारखान्याचा दोष नाही. ही विमानं ज्या अमेरिकन नियमांखाली पास झाली, त्यांत 6000 पौंडांपर्यंतच्या आणि 61 नॉट किंवा त्याहून कमी वेगाला स्टॉल होणाऱ्या (पंखांची उचल तुटणाऱ्या) ट्विननं एका इंजिनावर वर चढलंच पाहिजे अशी अट नव्हती. एका इंजिनावर काय होतं ते मोजून लिहा, एवढंच. हे ऐकून बहुतेक पालकांचा चेहरा पडतो, पण ते खरं आहे.

अजून एक बारीक गोष्ट. उंचीवर टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद घटते, म्हणून पीळ घटतो आणि व्हीएमसी खाली येते. ऐकायला बरं वाटतं. पण स्टॉलचा वेग घड्याळावर तिथंच राहतो. मग एक उंची अशी येते की रडर कमी पडणं आणि पंख स्टॉल होणं एकाच वेगाला गाठ पडतात. एका अंगाची ओढ चालू असताना स्टॉल म्हणजे स्पिनचं, गिरक्या घेत खाली पडण्याचं, आमंत्रण, आणि ही ट्विन स्पिनमधून बाहेर काढून दाखवण्याची चाचणी झालेली नसते. म्हणून व्हीएमसीचा सराव करताना स्टॉलचा हॉर्न आधी वाजला तर तिथंच सोडायचं. आकडा गाठायची हौस नको.

आता ट्रेनिंगबद्दल. खरं सांगायचं तर सरावाच्या ट्विनमध्ये मला इंजिन खरोखर बंद पडण्याची भीती कमी वाटते. जास्त भीती वाटते ती खोटं खोटं बंद पाडण्याची. इंजिन दर तासाला बंद पडत नाही, पण इन्स्ट्रक्टर ते दर तासाला बंद पाडत असतो. हा धोका फक्त लहान विमानांचा नाही. 1967 साली न्यू ऑर्लिन्सजवळ डेल्टाचं चार इंजिनांचं डीसी-8 एका बाजूची दोन इंजिनं गेल्याचा सराव करत उतरताना कोसळलं. विमानातले सहाही जण गेले आणि जमिनीवरचे 13. इंजिनं चारही धडधाकट होती. आता एअरलाइन असले सराव सिम्युलेटरवर करतात.

मी शिकत होतो तेव्हा आमचे एक सीनियर सर 'खरं वाटलं पाहिजे' म्हणून थ्रॉटल न ओढता गुपचूप एका इंजिनाचं पेट्रोल बंद करायचे. डाउनविंडला, म्हणजे रनवेला समांतर उलट दिशेनं जाताना, आठशे फुटांवर, माझं डावं इंजिन खोकलं आणि गेलं. मी पाय दाबला, सगळं ठीक केलं, सरांनी पेट्रोल पुन्हा उघडलं. इंजिन काही येईना. प्रॉप वाऱ्यावर गरगर फिरत होता. फेदर न केलेला फिरता प्रॉप म्हणजे पंखाला बांधलेली एक मोठी परात. वेग उतरत होता, रनवे बाजूलाच होता म्हणून वळलो. फायनलवर, उतरायला रनवेच्या सरळ रेषेत, आल्यावर इंजिनाला जाग आली. उतरल्यावर सर काही बोलले नाहीत. चहा मागवला, त्यातला अर्धा बशीत सांडला. खोटं बंद करायला जाऊन ते खरं बंद झालं होतं, एवढीच ती गोष्ट. तेव्हापासून कमी उंचीवर पेट्रोलला किंवा मिक्श्चरला (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाच्या दांड्याला) हात लावणारा इन्स्ट्रक्टर मला आवडत नाही. तीन हजार फुटांच्या खाली थ्रॉटल मागं घेऊन झिरो थ्रस्ट लावायचा. इंजिन मंद चालू, प्रॉप फेदर केल्याइतकाच हवेचा अडथळा, आणि गरज पडली तर ताकद एका हाताच्या अंतरावर.

दुसरी गोष्ट मी इन्स्ट्रक्टर झाल्यावरची. विद्यार्थी आपल्याकडचाच, तालमीतला गडी, मांड्या खांबासारख्या. जमिनीपासून चार हजार फुटांवर मी त्याचं डावं इंजिन कमी केलं. त्यानं पूर्ण जोरानं डावा पाय दाबला आणि गुडघा लॉक केला. चुकीचा पाय. विमान डावीकडं असं काही गेलं की माझं डोकं खिडकीला लागलं. मी उजवा पेडल दाबतोय, ओरडतोय, गडी ढिम्म हलत नाही. भीतीनं आखडलेल्या पैलवानाशी पायानं कुस्ती करायला मी कोण? दोन्ही थ्रॉटल मागं ओढले. दोन्ही बैल एकदम थांबवले. पीळ संपला, नाक खाली गेलं, विमान सरळ झालं. पंधराशे फूट गेले. गड्याला आपण चुकलो हेच कळलं नव्हतं, तो म्हणाला, "सर, मी सोडलं नाही हं!" पुढं तो चांगला पायलट झाला. हेच पाचशे फुटांवर झालं असतं तर हे लिहायला मी नसतो.

म्हणून पाय ओळखायची सवय नुसत्या तोंडपाठ ओळीनं येत नाही. ओळ अशी आहे: 'डेड फूट, डेड इंजिन'. विमान सरळ ठेवायला जो पाय दाबावा लागतोय तो कामाचा, जो रिकामा आहे त्या बाजूचं इंजिन मेलेलं. मग त्याच इंजिनाचा थ्रॉटल सावकाश मागं घेऊन बघायचा. काहीच फरक पडला नाही तर ओळख बरोबर. मगच फेदर. ही मधली पायरी गाळली की काय होतं ते 2015 साली तैपेईत दिसलं. ट्रान्सएशिया कंपनीच्या एटीआर प्रवासी विमानाचं टेक-ऑफनंतर उजव्या इंजिनाचं प्रॉप आपोआप फेदर झालं आणि वैमानिकानं डावं, चांगलं इंजिन मागं घेऊन बंद केलं. 58 पैकी 43 जण गेले. ते शिकाऊ नव्हते. उलट बाजूनं, फार वेळ ओळखत बसलं तरी अडचण आहे. सेमिनोलसारख्या विमानात आरपीएम 950 च्या खाली गेले की एक पिन बसते आणि प्रॉप फेदर होत नाही. घाई नको, पण रेंगाळायलाही नको, अशी ती मधली वेळ आहे.

दोन इंजिनं म्हणजे दोन वेगळे जीव, असंही समजू नका. 2007 मध्ये जर्मनीत डायमंड डीए42 बॅटरी उतरलेली असताना बाहेरच्या विजेवर सुरू करून उडालं. चाकं वर घेताना विजेचा दाब क्षणभर पडला, दोन्ही इंजिनांचे कॉम्प्युटर रीसेट झाले आणि दोन्ही प्रॉप एकदम थांबले. बैल दोन होते, पण दावं एकच होतं. म्हणून त्या जातीच्या विमानात बॅटरीची अवस्था हा मामुली चेक नाही. त्यांत पेट्रोल नाही तर जेट फ्युएल लागतं, हेही टाकी भरताना तिनं स्वतः उभं राहून बघायचं.

अपघात झालाच तर तपास कसा होतो हे तुम्हाला कारागीर म्हणून आवडेल. वाकलेल्या प्रॉपवरून बरंच कळतं. ताकदीनं फिरणारी पाती पुढं वाकतात, पिळवटतात. बंद प्रॉपची मागं दुमडतात किंवा तशीच राहतात. फेदरचा कोन, पेट्रोलच्या चाव्या, रडर ट्रिम कुठं अडकलंय, हे सगळं मोजतात. ब्लॅक बॉक्स लहान विमानात बहुधा नसतो, पण नव्या काचेच्या पॅनेलचं मेमरी कार्ड सापडलं तर सेकंदासेकंदाचा वेग मिळतो. आपल्याकडं हे काम एएआयबी ही सरकारी विमान अपघात तपास संस्था करते, आणि त्या तपासाचा हेतू दोष ठरवणं नसतो. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी पायलटला शिव्या दिल्या तर पुढं ढकलू नका.

शाळेला विचारायचं ते असं. जमिनीपासून किती फुटांखाली तुम्ही इंजिन बंद केल्याचा सराव देत नाही? आकडा पटकन यायला पाहिजे. 'सरांवर अवलंबून आहे' हे उत्तर मला चालणार नाही. बंद कशानं करता, थ्रॉटलनं का पेट्रोलनं? टेक-ऑफनंतर लगेच इंजिन गेल्याचा सराव सिम्युलेटरवर होतो का? उन्हाळ्यात ट्विन किती वाजेपर्यंत उडवता? सकाळी सातला आणि दुपारी दोनला तेच विमान दोन वेगळी विमानं असतात. हे विचारताना संकोच करू नका. लेथ घेताना तुम्ही स्पिंडल हातानं फिरवून बघताच की.

मुलीबद्दल एक. व्हीएमसीच्या चाचणीत रडरवर 150 पौंडांपर्यंत, म्हणजे 68 किलोपर्यंत, जोर लागू शकतो असं धरलेलं असतं. पायात तेवढं बळ बहुतेक सगळ्यांच्या असतं, पण सीट मागं असेल तर पेडल शेवटपर्यंत जातच नाही. इंजिन सुरू करण्याआधी तिनं दोन्ही पेडल पूर्ण दाबून बघायचे, गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाठीमागं उशी लागत असेल तर लावायची, लाजायचं नाही. आणि सीटची खटकी बसली का ते हलवून बघायचं.

आणि टेक-ऑफच्या आधी मोठ्यानं बोलायचं: या वेगाच्या आत काही झालं तर दोन्ही थ्रॉटल बंद, रनवेवरच थांबणार. हवेत गेल्यावर, चाकं खाली आहेत आणि समोर रनवे आहे तोवर झालं तर तिथंच उतरणार. पुढं निळी रेघ असेल तरच चढायचा विचार, नसेल तर नाक खाली आणि समोरचं शेत. रोज तेच, कंटाळा येईपर्यंत.

पहिल्या तासाआधी ती घरी असेल तर माझ्याकडं पाठवा. येताना त्या विमानाचं हँडबुक आणि दोन हिशेब तिनं स्वतः करून आणावेत. एक, ती, इन्स्ट्रक्टर आणि भरल्या टाक्या धरून विमानाचं वजन आणि त्याचा मध्य. दुसरा, त्या वजनाला, उजळाईवाडीला, मेमधल्या दुपारी दोन वाजता, एका इंजिनावर मिनिटाला किती फूट. दुसऱ्या उत्तराच्या आधी वजाबाकीचं चिन्ह आलं तरी ते खोडून पुन्हा करू नकोस म्हणावं, तसंच घेऊन ये.